ओळखीच्या माणसांची बँक

१९०६ सालच्या पहिल्या तीन महिन्यांत मुंबई इलाख्यात सहकारी पतसंस्थांच्या नोंदणीची रीघ लागली होती. ९ जानेवारीला पुण्यात लष्करी हिशेब खात्यातल्या नोकरदारांची ‘नंबर वन मिलिटरी अकाउंट्स म्युच्युअल हेल्प’ सोसायटी नोंदली गेली, १८ जानेवारीला पुण्यातलीच कॉसमॉस. २३ जानेवारीला मुंबईत बॉम्बे अर्बन, १५ फेब्रुवारीला गोकाक, २३ फेब्रुवारीला बेळगावची पायोनियर. १३ मार्चच्या नोंदीपाशी मात्र थांबावेसे वाटते. आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असलेल्या कणकवलीजवळच्या वरवडे गावच्या विणकरांनी त्या दिवशी आपली ‘अर्बन’ क्रेडिट सोसायटी नोंदवली. कोकणातले एक खेडे, मागावर बसणारी माणसे, आणि संस्था मात्र शहरी!

याचे उत्तर १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात आहे. ज्या संस्थेत पाच सभासदांपैकी चार शेतकरी असतील ती ग्रामीण, बाकीच्या शहरी, अशी त्या कायद्याची सरळ वाटणी होती. विणकर शेतकरी नव्हते, म्हणून ते शहरी ठरले. मुळात हा कायदा शहरांसाठी झालाच नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल करून कर्जरोखे जाळले. दख्खनच्या त्या दंग्यांनंतर सरकारला शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची चिंता लागली. चौकशी आयोग, १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा, मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांचा जर्मनीतल्या ग्रामीण पतसंस्थांवरचा अहवाल अशी तीस वर्षे गेल्यावर १९०४ चा कायदा आला. त्यात शहरांना जागा मिळाली ती कडेकडेने. पण फायदा उचलायला कारकून, शिक्षक, विणकर, छोटे दुकानदार अगदी टपून बसल्यासारखे पुढे आले. शेतकऱ्यांच्या नावाने उघडलेल्या दारातून मध्यमवर्गही आत शिरला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

कायदा यायच्या पंधरा वर्षे आधीच असा एक प्रयोग एका मराठी माणसाने गुजरातेत केला होता. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली. सयाजीराव गायकवाडांचे राज्य, दरबारात नोकरी करणारी मराठी कुटुंबे, महिन्याचा पगार ठरलेला आणि खर्च मात्र न ठरलेले. मुंज, लग्न, आजारपण, बारावे, तेरावे. प्रत्येकाने थोडे थोडे साठवायचे आणि ज्याला नड असेल त्याला त्यातून द्यायचे, एवढीच कल्पना. भारतातल्या नागरी सहकारी बँकांचा इतिहास सांगताना सुरुवात याच मंडळीपासून होते.

युरोपात हेच काम जर्मनीत शुल्झे-डेलिट्झ यांनी १८५० च्या सुमारास आणि मिलानमध्ये लुइगी लुझाटी यांनी १८६५ पासून केले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे होते ते चांभार, सुतार, छोटे कारागीर. बँक त्यांना दारात उभे करत नव्हती, कारण तारण ठेवायला त्यांच्यापाशी काही नव्हते. त्यांच्यापाशी होती ती शेजाऱ्यापाजाऱ्यांमध्ये मिळवलेली पत. हा माणूस दारू पीत नाही, वेळेवर काम देतो, बायकोच्या आजारपणात उसने घेतलेले पैसे त्याने फेडले आहेत, ही माहिती गल्लीत प्रत्येकाला असते आणि मोठ्या बँकेत कोणालाच नसते. छोट्या बँकेचे सारे भांडवल ही माहिती. ती फुकट मिळते आणि तिच्यावर कर्ज देता येते. पुढच्या सव्वाशे वर्षांत आपल्याकडच्या स्थानिक बँकांचे जे भले झाले ते या माहितीमुळे, आणि जे वाटोळे झाले तेही बँक त्या माहितीच्या कक्षेबाहेर वाढल्यावर.

मुंबईतली बॉम्बे अर्बन उभी केली ती विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी. (मराठी वाचकाला ठाकरसी ठाऊक असतात ते महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला दिलेल्या देणगीमुळे. त्यांच्या आईचे नाव त्या विद्यापीठाला आहे.) पाच वर्षांनी, १९११ मध्ये, याच दोघांनी काढलेली बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक आज महाराष्ट्र राज्य सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. पण हे धनिक, सार्वजनिक कामातले लोक. गल्लीतल्या बँकेचा खरा नमुना पाहायचा तर त्याच १९०६ च्या २७ डिसेंबरला स्थापन झालेल्या शामराव विठ्ठल सोसायटीकडे जावे लागते. श्रीपाद सुब्बराव तल्मकी हे चित्रापूर सारस्वत गृहस्थ. कारवार-कुमठ्याकडून मुंबईत नोकरीसाठी आलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांची परवड त्यांनी पाहिली आणि संस्था काढून तिला आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांचे नाव दिले. तल्मकी तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१५ मध्ये गावदेवीला त्यांच्याच पुढाकाराने सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. कर्जाची सोसायटी आणि राहायची सोसायटी ही दोन्ही एकाच डोक्यातून आणि एकाच मोहल्ल्यातून निघाली, हे मुंबईच्या इतिहासात जरा जास्त ठळक लिहायला हवे होते.

जातीच्या नावाने बँक म्हटले की आज भुवई उंचावते. ती उंचावायलाही हवी. पण त्या काळी मुंबईत नव्याने आलेल्या माणसाला हमी द्यायला ज्ञातीशिवाय होते कोण? गावची माणसे एकाच चाळीत राहत, एकाच खानावळीत जेवत. १९१८ मध्ये दोन संस्था निघाल्या. फेब्रुवारीत वसईच्या ख्रिस्ती समाजात मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने बेसिन कॅथॉलिक, आणि १४ सप्टेंबरला मुंबईत सारस्वत को-ऑपरेटिव्ह बँकिंग सोसायटी. सारस्वतची उद्दिष्टे वाचली तर बडोद्याच्या मंडळीचीच यादी पुन्हा समोर येते: आश्रितांचे लग्न, जुने कर्ज फेडणे, औषधपाणी. धंदा, कारखाना, व्यापार यांचा तिथे पत्ता नाही. १९३३ मध्ये या सोसायटीचे पूर्ण बँकेत रूपांतर झाले आणि आज ती देशातल्या नागरी सहकारी बँकांमध्ये सर्वांत मोठी आहे. पारशांची झोरास्ट्रियन, मुंबईतल्या तुळू भाषकांची मोगावीरा, काळाचौकी-परळच्या कामगार वस्तीत १९६४ साली अवघ्या पाच हजारांच्या भागभांडवलावर सुरू झालेली अभ्युदय, हे सगळे त्याच कुळातले. गिरणगावात ज्ञातीची जागा गिरणीने घेतली, एवढाच फरक.

१९१३ चे संकट या छोट्या संस्थांच्या पथ्यावर पडले. त्या वर्षी लाहोरची पीपल्स बँक बुडाली, मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली आणि पुढची चार-पाच वर्षे स्वदेशीच्या जोशात निघालेल्या बँका पटापट कोसळत गेल्या. लोकांनी पैसे काढले, पण घरी गाडग्यात पुरले नाहीत. सहकाराची पाहणी करणाऱ्या मॅक्लेगन समितीने नोंदवून ठेवले आहे की बऱ्याच प्रांतांत ठेवी जॉइंट स्टॉक बँकांमधून निघून सहकारी संस्थांकडे वळल्या. कारण उघड आहे. इंडियन स्पेसी बँकेचा कारभार करणारा माणूस ठेवीदाराने कधी पाहिलेला नव्हता. पतसंस्थेचा चिटणीस मात्र रोज सकाळी गल्लीत भेटत होता.

आता या बँकेत कर्ज मिळत कसे, ते पाहू. आधी सभासद व्हायचे, म्हणजे शेअर घ्यायचा. सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. मग अर्ज आणि दोन जामीनदार, तेही सभासद. अर्जावर निर्णय घ्यायला संध्याकाळी संचालकांची कर्जसमिती बसे. डॉक्टर, वकील, शाळामास्तर, कापडाचे व्यापारी असे गावातलेच लोक. अर्जदार कोण हे त्यांना विचारावे लागत नसे. जामीनदार कोण आहेत यावरून ते अर्जदाराची पारख करत. भला माणूस जामीन राहायला तयार नसेल तर तेवढ्यावरच अर्ज निकालात निघे. मंजूर झालेल्या कर्जातून काही रक्कम शेअरसाठी कापून घेतली जाई आणि अनेक बँकांत आजही घेतली जाते. विनातारण कर्जाला पाच टक्के, तारणी कर्जाला अडीच टक्के. दहा लाखांचे घरकर्ज घेतले तर पंचवीस हजारांचे शेअर आपसूक गळ्यात. कर्जदार त्याच क्षणी बँकेचा अंशमात्र मालक होतो.

जामीनदार होणे ही गंमत नव्हती. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली बँकेला सहकार निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो. दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न अडकता वसुली अधिकारी थेट जप्तीला येऊ शकतो, आणि जामीनदारही त्या दाखल्यात असतो. हप्ते बुडवले मित्राने आणि पगारातून कपात आपल्या, हा अनुभव महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितला गेला आहे. कोणालाही जामीन राहू नकोस, हा वडिलांचा उपदेश तिथून आलेला. तरीही लोक जामीन राहत, कारण पुढच्या वर्षी आपल्यालाही कोणाची तरी सही लागणार असे. एकमेकांच्या सह्यांनी असे अख्खे मोहल्ले बांधले गेले होते. एखाद्या गल्लीतल्या बँकेतले जामीनपत्रांचे जुने गठ्ठे कोणी अभ्यासकाने उलगडले तर त्या वस्तीतल्या मैत्रीचा आणि वैराचा नकाशाच हाती येईल.

शाखा म्हणजे सहसा एखाद्या इमारतीचा तळमजला, फार तर पहिला मजला. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि मोठ्या बँका खेड्यांकडे, शेतीकडे, लघुउद्योगाकडे वळल्या. त्याच सुमारास मुंबईतला मराठी मध्यमवर्ग गिरगाव-दादरच्या चाळी सोडून ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकत होता. डोंबिवली नागरी १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. या तारखा उपनगरी लोकलच्या गर्दीबरोबर वाचाव्यात. मालकी हक्काचे ब्लॉक विकायला होते, पण घरासाठी कर्ज देणारे फारसे कोणी नव्हते. गृहकर्जाची स्वतंत्र कंपनी, एचडीएफसी, निघाली ती १९७७ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षे उपनगरातल्या नोकरदाराला सोसायटीचे कर्ज, भविष्यनिर्वाह निधीची उचल आणि बायकोच्या बांगड्यांवर नागरी बँकेकडून सोनेतारण अशी जुळवाजुळव करावी लागे.

या शाखांची वेळ वस्तीच्या वेळेशी जुळवलेली असे. सकाळी कामाला जाणाऱ्यांसाठी लवकर, संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी उशिरा, आणि रविवारी उघडे ठेवून सुट्टी आठवड्यातल्या दुसऱ्याच दिवशी, अशी सोय कित्येक सहकारी बँकांनी केली. पैसे काढायला गेले की स्लिप द्यायची आणि पितळी टोकन घ्यायचे. मग कारकून लेजर उघडणार, शिल्लक पाहणार, सहीचे कार्ड काढून ताडणार, अधिकाऱ्याकडे सरकवणार, आणि शेवटी कॅशिअर टोकनचा नंबर पुकारणार. वीस मिनिटे सहज जात. तेवढ्यात भिंतीवरचा व्याजदराचा फळा आणि संचालक मंडळाचे फोटो पाहून व्हायचे, शिवाय कोणाच्या मुलीचे कुठे जमले हेही कळायचे. नव्या शाखेसाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे, म्हणून ती मिळाली की उद्घाटनाला पेढे वाटले जात. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल ‘वाचला असे समजून’ मंजूर होई. सभासदांचे लक्ष लाभांशाच्या टक्क्यावर. राज्याच्या कायद्यात त्याला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, आणि चांगल्या वर्षी ती गाठणे ही संचालकांची प्रतिष्ठा असे. जाताना स्टीलचा डबा किंवा छत्री हाती पडे. अशा भेटवस्तूंवर अहवालापेक्षा जास्त चर्चा होत असे, हे कोणीही जुना सभासद कबूल करील.

शाखेपर्यंतही न येणाऱ्यांसाठी पिग्मी होती. ही कल्पना मराठी मुलखातली नाही. ती उडुपीच्या डॉ. टी. एम. ए. पै यांची. त्यांच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये रोज दोन आणे दारावर येऊन गोळा करायला सुरुवात केली. ती महाराष्ट्रात अशी रुजली की भाजीवाली, पानपट्टीवाला, रिक्षावाला यांच्या दृष्टीने बँक म्हणजे पिग्मी एजंट. तो संध्याकाळी ठरल्या वेळी येतो, वीस-पन्नास रुपये घेतो, पावती फाडतो. एजंटला कमिशन मिळते, दुकानदाराला त्याच पिग्मीवर कर्ज मिळते, आणि बँकेला न मागता रोजचा अहवाल मिळतो. कोणाचा धंदा बसलाय, कोणी दुकान वाढवलेय, कोण चार दिवस गायब आहे. ताळेबंदापेक्षा हा अहवाल अधिक ताजा असतो.

दक्षिण महाराष्ट्रात गोष्ट थोडी वेगळ्या वाटेने गेली. तिथे सहकारीबरोबर खासगी स्थानिक बँकाही निघाल्या, त्यांतल्या काही संस्थानांच्या मुलखात. सांगली बँक १९१६ ची. हळद आणि गूळ यांच्या पेठेला पैसा लागे आणि तो हंगामात लागे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडसारख्या लहानशा गावाची स्वतःची बँक होती, १९२० ची गणेश बँक ऑफ कुरुंदवाड. साताऱ्यात १९३६ ला युनायटेड वेस्टर्न, कोल्हापुरात १९४३ ला रत्नाकर, कऱ्हाडला १९४६ ला बँक ऑफ कराड. पुण्यात १६ सप्टेंबर १९३५ रोजी बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे आणि द. के. साठे हे तिच्या संस्थापकांपैकी. अधिकृत भांडवल दहा लाख. ८ फेब्रुवारी १९३६ ला कामकाज सुरू झाले आणि १९६९ च्या राष्ट्रीयीकरणात ही बँक सरकारी झाली. पेठेतली बँक देशाची झाल्याचे महाराष्ट्रातले हेच एक ठळक उदाहरण.

बाकीच्यांची अखेर वेगवेगळी. बँक ऑफ कराडचे नाव १९९२ च्या रोखे घोटाळ्यात देशभर गाजले. कऱ्हाडच्या शेतकऱ्याला ज्याची गंधवार्ता नाही अशा मुंबईतल्या व्यवहारांपायी ती बुडाली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाकडे गेली. कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत, युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये, सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये, हे तिन्ही विलय २००६ आणि २००७ या दोन वर्षांतले. सांगली बँकेच्या जवळपास दोनशे शाखा होत्या. घेणाऱ्याला मुख्यतः त्या शाखा हव्या होत्या. रत्नाकर तेवढी राहिली, पण तिचे २०१४ मध्ये आरबीएल झाले. तिचा नोंदणीकृत पत्ता अनेक वर्षे कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या पहिल्या गल्लीचाच राहिला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्या बँकेतला साठ टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला तो दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने.

बँक बुडाल्यावर ठेवीदाराचे काय, हा प्रश्न देशाला पडला तेव्हाही त्यात एक मराठी गाव होते. १९६० मध्ये केरळातली पालाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा आला, प्रत्येक ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंत. सहकारी बँका तेव्हा त्यात नव्हत्या, त्या पुढच्या दशकात आल्या. ही मर्यादा १९९३ मध्ये एक लाख झाली आणि तब्बल सत्तावीस वर्षे तिथेच गोठून राहिली. २०२० च्या फेब्रुवारीत ती पाच लाख झाली. ती वाढायला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे हजारो ठेवीदार रस्त्यावर यावे लागले.

त्या प्रकरणापूर्वी सहकारी बँकांच्या मांडणीतला एक जुना तिढा समजून घ्यायला हवा. बँकेत पैसा ठेवीदारांचा असतो, मत मात्र सभासदांचे. आणि सभासद होतात मुख्यतः कर्जदार, कारण शेअर त्यांनाच घ्यावे लागतात. म्हणजे ज्यांना पैसा हवा आहे ते संचालक निवडून देणार, आणि ज्यांचा पैसा आहे ते रांगेत उभे. कर्ज फिटले की बरेच जण शेअर परत करतात, दर्शनी किमतीलाच, म्हणून भांडवलही टिकत नाही. शिवाय १ मार्च १९६६ पासून या बँकांना दोन धनी आले. बँकिंगपुरती रिझर्व्ह बँक, आणि निवडणूक, नोंदणी, संचालकांवरची कारवाई यासाठी राज्याचा सहकार निबंधक. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवावे अशी उत्तम सोय. ही दुहेरी सत्ता बऱ्याच अंशी संपली ती २०२० च्या कायदादुरुस्तीने, म्हणजे चोपन्न वर्षांनी.

बँक एका वस्तीची असते तोवर या तिढ्याने फारसे बिघडत नाही. ठेवीदार, कर्जदार आणि संचालक एकाच मंगल कार्यालयात जेवतात, तिथे लबाडी लपत नाही. पण १९९० च्या दशकात परवाने सढळ हाताने दिले गेले. २००४ मध्ये देशात १,९२६ नागरी सहकारी बँका होत्या. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी नवे परवाने थांबवले, आणि आज दीड हजारही उरलेल्या नाहीत. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश एकट्या महाराष्ट्रात आहेत. ज्या वाढल्या त्यांच्या शाखा राज्याबाहेर गेल्या. ठेवीदार लांबचा, अनोळखी झाला. संचालक आणि बडा कर्जदार यांची ओळख मात्र तशीच राहिली, उलट घट्ट झाली. माझ्या मते सहकारी बँकांच्या घोटाळ्यांचा उगम ‘राजकारणी शिरले’ या नेहमीच्या निदानापेक्षा इथे अधिक आहे. राजकारणी पहिल्या दिवसापासून होतेच. १९६८ ची बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक जॉर्ज फर्नांडिस यांनीच काढली होती.

पंजाब अँड महाराष्ट्र बँक १९८४ मध्ये शीवला एका खोलीत सुरू झाली. २०१९ मध्ये तिच्या १३७ शाखा आणि अकरा हजार कोटींहून अधिक ठेवी होत्या. २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील असे शाखांच्या दारांवर लागले. पुढे ही रक्कम वाढवली गेली. बँकेच्या कर्जांपैकी जवळपास तीन चतुर्थांश कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिले गेले होते, आणि ते झाकायला एकवीस हजारांवर बोगस खाती दाखवली होती, असे तपासात पुढे आले. छोट्या कर्जदारांच्या नावांनी भरलेली ही यादी खोटी होती, हे पाहून जरा थांबायला होते. गल्लीतल्या बँकेत खरोखर एवढे छोटे कर्जदार असायला हवे होते, म्हणूनच ती यादी कोणाच्या डोळ्यांना खुपली नाही. २०२२ च्या जानेवारीत ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवींची परतफेड कित्येक वर्षांत विभागून.

पुण्याच्या रुपी बँकेची फरफट त्याहून लांबली. १९१२ सालची ही बँक. २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षे विलीनीकरणाच्या वाटाघाटीत गेली, आणि सदाशिव-नारायण पेठांतले निवृत्त ठेवीदार निवेदने देत राहिले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळायची तरतूद झाली. फर्नांडिसांची ती कामगार बँक पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत तिच्या तिजोरीतली १२२ कोटींची रोकड नाहीशी झाल्याचा गुन्हा नोंदला गेला, तेव्हा ही नवी तरतूद कामी आली. सहा महिन्यांच्या आत, ४ ऑगस्टला, ती सारस्वतमध्ये विलीन झाली. औषधपाण्यासाठी उसने देणारी १९१८ ची सोसायटी आता बुडत्यांना सामावून घेण्याच्या कामाला लागली आहे.

शंभर कोटींहून जास्त ठेवी असलेल्या बँकांना आता संचालक मंडळाबरोबर वेगळे व्यवस्थापन मंडळ नेमावे लागते. कर्जाचा अर्ज आला की पहिले काम सिबिलचा गुण पाहण्याचे. हे सगळे योग्यच आहे, पण भाजीवालीला हा गुण नसतो. आधीचे कर्ज किंवा हप्त्यावर घेतलेला फोन, टीव्ही असे काही नोंदलेले असेल तरच तो तयार होतो. जिने आयुष्यात कोणाचे देणे ठेवले नाही तिची यंत्रात नोंदच नाही. तिची पत ठाऊक आहे पिग्मी एजंटला आणि शेजारच्या गाळ्यातल्या दोघींना, आणि त्यांचे ऐकून कर्ज देण्याचा अधिकार शाखाधिकाऱ्याकडे पूर्वीएवढा उरलेला नाही.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या अशाच बायकांना घेऊन बँक काढायचे ठरवले ते १९९० च्या दशकाच्या मध्यावर. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक म्हणून ज्या बायकांची नावे होती त्यांतल्या बऱ्याच जणींनी सहीऐवजी अंगठा उठवला होता. मग गावात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. पाच-सहा महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. चेतना सिन्हा सांगतात त्याप्रमाणे बायकांनीच तिथे आव्हान दिले, की आम्हाला लिहिता-वाचता येत नव्हते, पण हिशेब येतो. कोणत्याही मुद्दलावरचे व्याज काढायला सांगा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता तेच काढायला सांगा. परवाना १९९७ मध्ये मिळाला. बँक सुरू झाल्यावर नवी अडचण आली. मजुरी बुडवून शाखेत येणे बायकांना परवडेना. मग माणदेशी महिला बँकेने आपली माणसे त्यांच्या दारात आणि बाजारात धाडायला सुरुवात केली.